एकाच बाजूचे दोन क्लोरीन

केमोच्या दिवसाची बॅग मी आदल्या संध्याकाळी भरून दाराशी ठेवायचे. रिपोर्टची फाईल, तारखेच्या क्रमाने लावलेली. पातळ चादर, जाड मोजे, स्टीलचा पेला, चार्जर. शिवाय मापाच्या रेघा असलेलं प्लास्टिकचं भांडं, कारण सलाइन किती गेलं आणि लघवी किती झाली याची नोंद ठेवायची होती. वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, मॅडम, तुमची बॅग बाकीच्या नातेवाइकांना दाखवायला पाहिजे. मला बरं वाटलं. त्या दिवसांत बरं वाटण्यासारखं फार काही घडत नव्हतं, म्हणून ते लक्षात राहिलं.

आम्ही रहाटणीला राहतो. मी चिंचवडच्या एका ज्युनियर कॉलेजात बारावीला केमिस्ट्री शिकवते. नवरा चाकणच्या एका कंपनीत गिअरबॉक्सच्या लाइनवर. आम्हाला मूल नाही, त्यामुळे कामाची वाटणी सोपी होती. आजारी पडायचं काम ह्यांनी घेतलं, बाकीची सगळी मी.

ह्यांच्या गळ्याशी गाठ निघाली. रेडिएशन घ्यायचं आणि त्याच्या जोडीने केमोचे तीन डोस, मध्ये काही आठवड्यांचं अंतर, असं पिंपरीच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि कागदावर औषधाचं नाव लिहिलं. सिसप्लॅटिन. ते वाचून मला जे झालं ते कुणाला सांगण्यासारखं नाही. मला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं मी ते नाव फळ्यावर लिहीत आले आहे. कोऑर्डिनेशन कंपाउंड्सचा धडा संपता संपता त्याचा उल्लेख येतो, मुलं त्याखाली पेन्सिलने रेघ मारतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. मीही वळते.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, काय असतं ते? मग मी रात्रीचं जेवण पुढे ढकललं आणि टेबलावर मांडून दाखवलं. मध्ये एक वाटी पालथी घातली. ती म्हणजे प्लॅटिनमचा अणू. त्याच्या चार बाजूंना चार जागा. दोन जागांवर बटाटे ठेवले, ते अमोनिया. उरलेल्या दोन जागांवर कांदे, ते क्लोरीन. दोन्ही कांदे शेजारी शेजारी बसले की ते सिस. एक कांदा उचलून समोर ठेवला, म्हणजे वाटीच्या या टोकाला एक आणि त्या टोकाला एक, की ते ट्रान्स. अणू तेच, संख्या तीच, वजन तेच. फक्त बसायच्या जागा वेगळ्या. यांना आयसोमर म्हणायचं.

ह्यांना ते लगेच समजलं. सगळं आयुष्य जोडणीत गेलेलं माणूस. "पार्ट सगळे बरोबर, जोडणी वेगळी," हे म्हणाले.

मी पुढे सांगत गेले. पेशीच्या आत डीएनएची शिडी असते. औषध आत गेलं की क्लोरीन सुटतात आणि त्या मोकळ्या झालेल्या दोन जागांनी प्लॅटिनम शिडीला पकडतं. क्लोरीन शेजारी असले, तर मोकळ्या जागाही शेजारी, त्यामुळे शिडीवरची लागून असलेली दोन ठिकाणं एकदम धरता येतात. शिडी तिथे वाकते. वाकलेल्या शिडीची नक्कल होत नाही आणि पेशी मरते. भराभर वाढणाऱ्या गाठीच्या पेशी आधी मरतात. क्लोरीन समोरासमोर असले, तर प्लॅटिनमचे हात दोन दिशांना. लागून असलेली दोन ठिकाणं त्याला धरताच येत नाहीत. दुसरीकडे कुठेतरी चिकटतं, पण शिडी तशी वाकत नाही, आणि बरंचसं तर वाटेतच शरीर निकामी करून टाकतं.

हे टेबलाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे दुसरं रिजेक्शन."

मी म्हटलं, हो, उपयोग शून्य. मग कांदे-बटाटे उचलले, त्यातलेच दोन चिरले आणि भाजी टाकली.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. या औषधाने किडनीला आणि कानांना त्रास होऊ शकतो. किडनीसाठी सलाइन भरपूर देऊ. कानांतले वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात आणि गेले की परत येत नाहीत, कारण आतल्या कानातल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. म्हणून प्रत्येक डोसच्या आधी कानांची तपासणी होईल. फरक दिसला तर हे औषध थांबवू आणि दुसरं देऊ. डॉक्टर घाईत नव्हते, नीट समजावून सांगत होते. मी वहीत लिहिलं: कान, प्रत्येक डोसआधी. त्यापुढे खुणेसाठी चौकोन काढला.

इथे ह्यांच्या कामाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. लाइनच्या शेवटी काचेची एक बंद खोली आहे. तयार झालेला गिअरबॉक्स तिथे चालवून बघतात. आता सेन्सर लावलेलं यंत्र हिरवा किंवा लाल दिवा दाखवतं, पण यंत्राला शंका आली की तो बॉक्स बाजूला काढतात आणि माणसाला ऐकवतात. तो माणूस म्हणजे हे. गिअरच्या दोन दात्यांच्या घासण्यात किंचित चूक असली, तर चढत्या वेगाला एक बारीक शिट्टी येते. गाडी विकत घेणाऱ्याला ती वर्षभराने ऐकू येईल. ह्यांना तिथल्या तिथे यायची. डोळे मिटून, मान थोडी डावीकडे करून उभे राहायचे आणि ओके किंवा रिजेक्ट म्हणायचे. त्यावर कुणी वाद घालत नसे. लाइनवरचे लोक ह्यांना नावाने कमी आणि 'कान' म्हणून जास्त ओळखत. भावा, कानाला ऐकव आधी, असं म्हणत. हे खेडच्या बाजूच्या गावातले, आयटीआय करून कंपनीत लागलेले. इंग्रजीत मेल लिहायची वेळ आली की माझ्याकडे फोन यायचा. पण त्या काचेच्या खोलीत परदेशी इंजिनियरसुद्धा ह्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. ते सांगताना हे हसू दाबायचे.

पहिल्या डोसच्या वेळी सगळं माझ्या यादीप्रमाणे झालं. औषधाची बाटली उजेड लागू नये म्हणून काळ्या पिशवीत गुंडाळलेली होती. आधी सलाइन, मग औषध, मग पुन्हा सलाइन. सलाइन म्हणजे मिठाचं पाणी. रक्तात मीठ पुरेसं असतं तोवर औषधाचे क्लोरीन जागा सोडत नाहीत. पेशीच्या आत मीठ कमी, तिथे ते सुटतात. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण थेंब थेंब पडताना बघणं वेगळं होतं. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंच्या मुलीला मी ते सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, आई बरी होईल ना? मी वहीत सलाइनची नोंद केली.

कानांची तपासणी खालच्या मजल्यावर. छोटी खोली, त्यात काच लावलेली आणखी छोटी खोली. आत बसायचं, हेडफोन लावायचे, आवाज आला की बटण दाबायचं. पहिला रिपोर्ट उत्तम आला. दुसऱ्या डोसच्या आधीचाही उत्तम आला. मी चौकोनात खूण केली.

रेडिएशन सुरू होऊन काही आठवडे गेल्यावर ह्यांचा घसा आतून सोलवटून निघाला. थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. बोलणं बंद झालं. सुरुवातीला कुजबुजून दोन शब्द, मग फक्त हाताच्या खुणा. मी ताक घातलेली भाताची पेज मिक्सरमधून काढायचे, गार करायचे, चमच्याचा आकारही लहान आणला. तासाचं वेळापत्रक फ्रिजवर लावलं. कॉलेजात माझे तास सकाळी लावून घेतले. सगळं व्यवस्थित चाललं होतं आणि घरात कुणीच नव्हतं.

म्हणजे हे होते. बाल्कनीच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेले असायचे. मी कॉलेजातून आल्यावर बोलत सुटायचे. बीआरटीची बस कशी खचाखच भरली होती, अकरावीच्या मुलीने प्रयोगशाळेत काय सांडलं, खालच्या मजल्यावर कोण राहायला आलं. हे मान हलवायचे. कधी हलवायचे नाहीत. मी स्वयंपाकघरातून काही विचारलं, तर उत्तर नाही. घसा दुखतोय, कुठून उत्तर देणार, असं म्हणून मी सोडून द्यायचे. पण मग खूणही नाही. मागे वळूनही बघत नाहीत. कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या, हे गॅसपासून हातभर अंतरावर पाणी पीत उभे, पण गॅस बंद केला नाही. मी ओरडले. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, हा माणूस माझ्यावर रागावलेला आहे.

का रागावला असेल याचीही मी मनात यादी केली. मी सारखी शिस्त लावते म्हणून. पेज पिताना घड्याळ बघते म्हणून. ह्यांच्या आईला गावाकडेच थांबा म्हटलं म्हणून. आजारी माणसाला राग येतो, डॉक्टरांनी तेही सांगितलं होतं. मी बोलणं कमी केलं. संध्याकाळी दिवे लावून मी पेपर तपासायचे, हे रस्त्याकडे बघायचे. एकदा बहिणीचा फोन आला. कसे आहेत दाजी, म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, ठीक, सगळे रिपोर्ट चांगले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, त्या आठवड्यात मी घरात मोठ्याने बोललेलं तेवढंच वाक्य.

तिसऱ्या डोसच्या आधीच्या रविवारी लाइनवरचे एक फिटर भेटायला आले. मूळचे परभणीकडचे, मुसलमान, काळेवाडीत बिऱ्हाड. ह्यांच्यापेक्षा वयाने लहान. बायकोने दिलेली खीर डब्यातून आणली होती, अगदी पातळ करून, गिळायला सोपी म्हणून. मला वहिनी म्हणतात. आल्या आल्या ह्यांच्यासमोर बसले आणि लाइनवरच्या गप्पा मोठ्या आवाजात सुरू केल्या. नवीन सुपरवायझर कसा यंत्राचा हिरवा दिवा बघून देवाला हात जोडल्यासारखे जोडतो, ते करून दाखवलं. बऱ्याच दिवसांनी हे हसले. पुरुषाचा जाड आवाज ह्यांना ऐकू येतोय, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मला फक्त हेवा वाटला.

मग त्यांनी खिशातून फोन काढला. एका बॉक्सचा आवाज भरून आणला होता, यंत्राला शंका आली होती म्हणून. "भाऊ, एवढं ऐका अन् सांगा. तिथं सगळे भांडायलेत." इअरफोनचं एक टोक ह्यांच्या कानात, एक स्वतःच्या कानात. ह्यांनी डोळे मिटले, मान डावीकडे केली. मी दारात उभी होते. आवाज संपला. ह्यांनी डोळे उघडले आणि अंगठा वर केला. ओके.

फिटरभाऊंनी लगेच मान डोलावली. बरं झालं भाऊ, मिटलं भांडण, म्हणाले. खिरीचा डबा रिकामा करून घेतला, निघाले. मी खाली गेटपर्यंत सोडायला गेले, कारण ते जिन्यात दोनदा थांबून मागे वळले होते.

गेटपाशी त्यांनी गाडीची किल्ली हातात फिरवत विचारलं, भाऊंना नीट ऐकू येतं का? मी म्हटलं, हो, दोन्ही रिपोर्ट उत्तम आहेत. ते म्हणाले, त्या आवाजातली शिट्टी त्यांना स्वतःला ऐकू येत होती. त्यांच्या बारक्या पोरीलाही आली होती, तिने कान झाकले होते. मी पुन्हा रिपोर्टचं सांगितलं. त्यांनी किल्ली फिरवायची थांबवली.

"वहिनी, टेस्टच्या खोलीला काच हाय का?"

मी म्हटलं, आहे.

मग त्यांनी जे सांगितलं ते चाकणच्या कितीतरी घरांत माहीत असेल, मला नव्हतं. कंपनीत दरवर्षी कानांची तपासणी होते. गाडी येते, तिच्यात तसलीच खोली. पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये राबलेल्या निम्म्या लोकांचे कान गेलेले असतात. पण रिपोर्ट खराब आला की माणसाला दुसऱ्या विभागात टाकतात, ओव्हरटाइम जातो, वर्षानुवर्षांची जागा जाते. म्हणून जुने लोक नव्यांना शिकवतात: बटणाकडे बघू नको, काचेतून तपासणाऱ्याच्या कोपराकडे बघ. आवाज सोडताना कोपर हलतं. कोपर हललं की दाब. "भाऊला कधी गरज पडली न्हाई. उलट आम्हालाच हसायचे, म्हणायचे, डोळ्यानं ऐकता लेको. पण बघितलंय त्यांनी सगळं." किल्ली खिशात टाकली आणि म्हणाले, मी सांगितलं म्हणून सांगू नका.

मी वर आले. हे बाल्कनीत पाठमोरे बसले होते. मी दारातून, नेहमीच्या आवाजात, नाव घेऊन हाक मारली. मी एरवी कधी ह्यांना नावाने हाक मारत नाही. हलले नाहीत. पुन्हा मारली. खाली कुणीतरी ट्रक मागे घेत होतं, त्याच्या घरघरीकडे मात्र ह्यांनी वाकून बघितलं.

मी पुढे जाऊन समोर स्टूल ठेवलं आणि बसले. तोंडासमोर तोंड.

"काचेतून कोपर बघून बटण दाबलंत?"

ह्यांनी नजर खाली घेतली. मग घसा सांभाळत, तुकड्या-तुकड्याने, "व्हय."

"दोन्ही वेळा?"

"पयल्यांदा न्हाई. दुसऱ्यांदा." कानात सारखं किडे किरकिरल्यासारखं होतं, पहिल्या डोसनंतर आठवड्यातच सुरू झालं, असंही सांगितलं. माझ्या तोंडाकडे बघून बोलत होते. माझे ओठ वाचत होते, हेही मला तेव्हाच दिसलं.

मी विचारलं, डॉक्टरांना का नाही सांगितलं? मला का नाही?

"औषध बदललं असतं."

"मग बदलू दे की. ते म्हणालेच होते, दुसरं देऊ."

"दुसरं म्हणजे तेच न्हवं का. कांदे समोरासमोर असलेलं." थांबून थुंकी गिळली, डोळ्यांत पाणी आलं. "तूच म्हणालीस. उपयोग शून्य. कान गेले तर जाऊ दे, म्हटलं. पण रिजेक्शनचा माल अंगात घ्यायचा न्हाई."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. मग वाटी, दोन बटाटे आणि सांडशी घेऊन आले आणि बाल्कनीतच जमिनीवर मांडलं. वाटी पालथी. दोन बटाटे शेजारी शेजारी. उरलेल्या दोन शेजारच्या जागांवर कांद्यांऐवजी सांडशीची दोन टोकं टेकवली. सांडशी एकच, पण दोन्ही टोकांनी एकाच बाजूने धरणारी. डॉक्टर म्हणतात ते दुसरं औषध हे आहे, मी सांगितलं, सावकाश, ह्यांच्या डोळ्यांसमोर. कार्बोप्लॅटिन. ट्रान्स नाही. ट्रान्स कुणी कुणाला देत नाही. यातही मोकळ्या होणाऱ्या जागा शेजारीच, यातही शिडी तशीच वाकते. फक्त सांडशी क्लोरीनसारखी पटकन सुटत नाही, म्हणून हे औषध सावकाश काम करतं आणि कानांना, किडनीला कमी छळतं. तुमच्या आजारात पहिल्याचा अनुभव डॉक्टरांना जास्त आहे, म्हणून पहिलं आधी दिलं. एवढंच.

ह्यांनी सांडशी हातात घेतली, उघडझाप केली, पुन्हा जागेवर ठेवली.

"त्या दिवशी हे न्हाई सांगितलंस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"तू शिकवत होतीस," हे म्हणाले. "तू शिकवताना मधे बोललेलं तुला चालत न्हाई."

हे रागाने म्हणाले नव्हते. खरं सांगायचं तर थोडं चेष्टेनेच म्हणाले. वर्गातली मुलं मागच्या बाकांवर माझ्याबद्दल हेच म्हणतात, मला माहीत आहे. आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. बटाटे उचलायचं माझ्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वही न घेता डॉक्टरांना भेटले. त्यांनी सगळं ऐकलं, खाली फोन केला आणि पुन्हा तपासणी करायला सांगितली, या वेळी पेशंटला काचेकडे पाठ करून बसवा म्हणाले. मी बाहेरच्या बाकावर होते. दार अर्धवट उघडं होतं. तपासणाऱ्या ताईंचं कोपर हलत होतं, ह्यांचा अंगठा बटणावर तसाच. पुन्हा कोपर. अंगठा तसाच. खालच्या पट्टीत आल्यावर अंगठा हलायला लागला. कागदावरची रेघ मधोमध आल्यावर कड्यावरून पडल्यासारखी खाली गेली होती. माझ्या आवाजातले स, श, च, फ सगळे त्या कड्याच्या पलीकडे, असं ताईंनी मला समजावलं. बायकांचे आवाज जास्त जातात, म्हणाल्या. पुरुषांचे बऱ्यापैकी राहतात.

डॉक्टर म्हणाले, एक डोस राहिला आहे. तेच औषध दिलं तर उरलेल्यातलंही काही जाईल. बदललं तर कान बहुधा इथेच थांबतील. गाठीच्या बाबतीत एका डोसच्या बदलाने नेमका किती फरक पडेल, हे छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. आधीचे दोन नीट गेले आहेत, रेडिएशन पूर्ण होतंय, मी स्वतः असतो तर बदललं असतं. पण ठरवा तुम्ही.

हे माझ्याकडे वळले. इतक्या वर्षांत मोठ्या गोष्टी मी ठरवत आले, घर घेतलं तेसुद्धा मी पैशांचे तक्ते मांडून ठरवलं. तेव्हा मात्र मला काही मांडता येईना. एका बाजूला जीव आणि दुसऱ्या बाजूला मला हवी असलेली एक गोष्ट, की ह्यांना मी ऐकू यावं. ती तराजूत घालायची की नाही, हेच कळेना. मी तसं बोलले नाही. मी एवढंच म्हटलं, बदलू या. ह्यांनी मान हलवली. माझं ऐकू आलं म्हणून हलवली की माझं तोंड बघून, ते मी विचारलं नाही.

तिसरा डोस बदललेल्या औषधाचा झाला.

याला आता बराच काळ झाला. गाठ गेली. दर काही महिन्यांनी दाखवून येतो, डॉक्टर गळ्यात दुर्बीण घालून बघतात आणि छान म्हणतात. घसा कोरडा पडतो, पाण्याची बाटली सतत बरोबर लागते, पण बोलतात. कान होते तिथेच थांबले. गेलेलं आलं नाही. प्लॅटिनम आतल्या कानात फार काळ मुक्काम करून राहतं, असं मी नंतर वाचलं. ह्यांना ते सांगितलं नाही.

कंपनीत परत गेल्यावर ह्यांनी स्वतःच कानांचा रिपोर्ट सुपरवायझरच्या टेबलावर ठेवला. आता डिस्पॅचला असतात. कंपनीची बस सकाळी तीच, रहाटणी फाट्यावरून. काचेच्या खोलीत आता फक्त यंत्र आहे, शंका आली की बॉक्स सरळ खोलून बघतात. फिटरभाऊ मधून मधून येतात. त्यांच्याशी हे तासन्‌तास बोलतात, कारण त्यांचा आवाज पोहोचतो. मी चहा ठेवून आत जाते. कानाला लावायचं मशीन आणून बघितलं, त्याने भांड्यांचा आवाज मोठा झाला, मी तेवढीच राहिले. ते मशीन आता कपाटात आहे.

आम्ही बोलतो. समोर जाऊन, उजेडात, सावकाश, एक एक वाक्य. कामाचं सगळं बोलून होतं, एकही गोष्ट राहत नाही. वर्गातही मी आता तशीच बोलते, सवय लागली आहे, मुलांना ते आवडतं. पण घरातलं निम्मं बोलणं पाठमोरं असतं, हे मला कधी माहीत नव्हतं. फोडणी टाकताना, कपडे वाळत घालताना, मोरीतून, अंथरुणावर तोंड फिरवून. त्याला उत्तर लागत नाही, नुसतं हूं लागतं. ते सगळं गेलं.

परवा संध्याकाळी मी कोथिंबीर निवडत होते. जुडीत मुळाशी एक इवलीशी गोगलगाय निघाली, शिंगं बाहेर काढून बसलेली. मी म्हटलं, अहो, गंमत बघा. म्हणून झाल्यावर आठवलं. मग हात पुसले, बाहेरच्या खोलीत गेले, टीव्हीच्या समोर उभी राहिले. ह्यांनी टीव्ही बंद केला, चष्मा लावला आणि माझ्या तोंडाकडे बघत नीट बसले, काहीतरी महत्त्वाचं असणार म्हणून.

मी म्हटलं, काही नाही.

"काय?"

"काही नाही," मी ओठ स्पष्ट करून सांगितलं, आणि आत आले.